रोज तेच घडतं, मग लिहायचं काय?



परवा सातवीतल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं. तिच्या आत्यानं तिला जाड पुठ्ठ्याची सुंदर रोजनिशी भेट दिली. पहिले पाच दिवस तिनं अगदी नेमानं लिहिलं. सहाव्या दिवशी पेन अडलं ते अडलंच. ती लिहिते, "काका, रोज तेच घडतं. उठले, शाळेत गेले, क्लासला गेले, थोडा वेळ कॉम्प्युटरवर बसले, जेवले, झोपले. यात लिहायचं तरी काय? आता सहल निघाली की मगच लिहीन."

अशी ती एकटीच नाही. ज्यांच्या कपाटात पाच जानेवारीपर्यंत भरलेली रोजनिशी पडून आहे, त्यांनी हात वर करा बघू! (आई-बाबांनीसुद्धा. अगदी खरं खरं.)

तिला उत्तर म्हणून आज एक गोष्ट सांगतो. ज्या मुलांनी मुद्दाम, ठरवून, फक्त 'रोजचंच' लिहिलं त्यांची. आणि लिहिलं ते वहीत नाही, कॉम्प्युटरवर. तेही अशा काळात, जेव्हा घरात कॉम्प्युटर असणं म्हणजे अंगणात हत्ती असण्यासारखं होतं.

गोष्टीची सुरुवात मात्र फार जुनी आहे, सन १०८६ ची. इंग्लंडमध्ये तेव्हा पहिला विल्यम राज्य करत होता. वीस वर्षांपूर्वी, म्हणजे १०६६ साली, त्यानं लढाई जिंकून ते राज्य मिळवलं होतं. आता आपल्या ताब्यात नेमकं काय काय आहे, हे त्याला कळायला हवं होतं. त्यानं गावोगाव माणसं पाठवली. जमीन किती, ती कुणाची, नांगर किती, पाणचक्क्या किती, डुकरं किती, अशी सगळी चौकशी झाली. आपल्याकडच्या तलाठ्याचं दप्तरच म्हणा ना! ते सारं कमावलेल्या कातड्याच्या पानांवर लॅटिन भाषेत लिहून काढलं. त्या ग्रंथाला म्हणतात 'डूम्सडे बुक'. डूम्सडे म्हणजे निवाड्याचा दिवस. त्यात जे लिहिलंय त्यापुढे कुणाची तक्रार चालायची नाही, म्हणून लोकांनीच त्याला हे नाव पाडलं.

१९८६ मध्ये या ग्रंथाला ९०० वर्षं झाली. तेव्हा बीबीसीनं ठरवलं, की आपण नवा डूम्सडे करायचा. पण या वेळी चौकशी राजाच्या माणसांनी करायची नाही. करायची शाळेतल्या मुलांनी!

त्यांनी सगळ्या देशाचा नकाशा घेतला आणि त्यावर चौकोन आखले. प्रत्येक चौकोन चार किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटर रुंद. असे सुमारे २३,००० चौकोन झाले. ते शाळांना आणि गावातल्या मंडळांना वाटून दिले. आपापल्या चौकोनात हिंडायचं, दुकानं मोजायची, शेतं कुठे, घरं कुठे ते पाहायचं, फोटो काढायचे आणि आपण इथे कसे राहतो, काय काम करतो, काय खेळतो ते लिहायचं. सूचना एकच, पण मोठी मजेदार होती: आणखी हजार वर्षांनी वाचणाऱ्या माणसाला काय वाचावंसं वाटेल, ते लिहा.

आता तुम्हीच सांगा, हजार वर्षांनंतरच्या माणसाला काय वाचायला आवडेल? त्या मुलांनी लिहिलं शाळेतल्या जेवणाबद्दल, कोपऱ्यावरच्या दुकानाबद्दल, मधल्या सुट्टीतल्या खेळांबद्दल. म्हणजे आपल्या पत्रवाल्या मैत्रिणीला जे लिहिण्यासारखं वाटत नाही, नेमकं तेच! दहा लाखांहून जास्त लोकांनी या कामाला हातभार लावला. मजकुराची १,४७,८१९ पानं जमली आणि हौशी लोकांनी काढलेले २३,२२५ फोटो.

ही पानं ज्या कॉम्प्युटरवर तयार झाली त्याचं नाव 'बीबीसी मायक्रो'. केंब्रिजच्या एकॉर्न नावाच्या कंपनीनं तो बीबीसीसाठी बनवला आणि १९८१ च्या डिसेंबरात तो बाजारात आला. आज कॉम्प्युटर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं ते जरा बाजूला ठेवा. टाइपरायटरसारखी एक फिकट पिवळसर पेटी, तिच्यातच कीबोर्ड, वरच्या ओळीत लालभडक बटणं. पडदा वेगळा नाही, घरातलाच टीव्ही जोडायचा. मोठ्या मॉडेलची मेमरी किती? ३२ किलोबाइट. आज फोननं काढलेल्या एका साध्या फोटोला याच्या शंभरपट जागा लागते!

आणि लिहिलेलं साठवायचं कशावर? फ्लॉपी ड्राइव्ह महाग, म्हणून अनेक जण ते गाण्याच्या कॅसेटवर साठवत. हो, खरंच! टेपरेकॉर्डरची वायर कॉम्प्युटरला जोडायची, रेकॉर्डचं बटण दाबायचं, आणि तुमचा निबंध किर्रर्र-कुईंई अशा आवाजात टेपवर उतरायचा. वेग होता सेकंदाला १२०० बिट. एका अक्षराला असे दहा बिट लागत, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२० अक्षरं. पानभर मजकूर आठ-दहा सेकंदांत टेपवर जायचा. पण मोठा खेळ चढवायचा म्हटलं तर पाच मिनिटं गुपचूप बसून राहायचं. मध्येच धाकट्या भावानं टेपला धक्का दिला, की पुन्हा पहिल्यापासून. त्या काळच्या मुलांमध्ये धीर जास्त असावा अशी मला शंका आहे.

हा बीबीसी मायक्रो आपल्याकडेही आला होता, बरं का. १९८४-८५ मध्ये भारत सरकारनं 'क्लास' नावाची योजना सुरू केली. शाळाशाळांतून मुलांना कॉम्प्युटरची ओळख करून द्यायची, हा तिचा हेतू. सुरुवातीला सुमारे २५० शाळांमध्ये हेच मशीन बसवलं गेलं. तुमच्या एखाद्या मामानं, काकानं किंवा शाळेतल्या जुन्या सरांनी ती पेटी पाहिली असेल. विचारून बघा. चपला बाहेर काढून वर्गात जावं लागायचं का, हेही विचारा! आणखी एक गंमत. याच एकॉर्न कंपनीतल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढे १९८५ मध्ये 'आर्म' नावाचा नवा प्रोसेसर तयार केला. आज तुमच्या आईच्या हातातल्या फोनमध्ये जी चिप आहे, ती बहुतेक त्याचीच पणती असणार.

तर, मुलांनी पानं पाठवली. बीबीसीनं ती जमवून मोठ्या लेसर डिस्कवर भरली. सीडी पाहिलीय ना? तशीच चकचकीत, पण आकार फुटभर व्यासाच्या ताटाएवढा. ती वाचायला खास बनवलेलं यंत्र लागायचं, आणि सोबत बीबीसीचाच नव्या जातीचा कॉम्प्युटर. या सगळ्याची किंमत सुमारे ५००० पौंड. ज्या शाळांनी उन्हातान्हात हिंडून माहिती गोळा केली, त्यांच्यातल्या कितीतरी शाळांना हे परवडण्यासारखंच नव्हतं. मुलांनी लिहिलं, पण आपलं लिहिलेलं त्या पडद्यावर पाहायला अनेकांना मिळालं नाही. मला ही गोष्ट फार लागते.

पुढे काय झालं असेल, ओळखा पाहू.

पंधराएक वर्षं गेली. कॉम्प्युटर बदलले. ती खास यंत्रं एकेक करून बिघडली, त्यांचे भाग मिळेनात. डिस्क दिसायला ठणठणीत, पण वाचणार कशानं? २००२ च्या सुमाराला लोकांच्या लक्षात आलं, की दहा लाख लोकांची मेहनत कपाटात चकाकत पडली आहे आणि ती वाचता येईल अशी यंत्रं देशात मोजकीच उरली आहेत. इकडे विल्यम राजाचा ९०० वर्षांपूर्वीचा ग्रंथ मात्र खुशाल उघडून वाचता येत होता!

मग धावपळ सुरू झाली. इंग्लंडमधलं लीड्स विद्यापीठ आणि अमेरिकेतलं मिशिगन विद्यापीठ यांनी मिळून एक युक्ती केली. बहुरूपी कसा पोलिसाचं सोंग घेऊन दारात उभा राहतो आणि आपण क्षणभर फसतो, तसा नव्या कॉम्प्युटरलाच जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घ्यायला लावलं. अशा प्रोग्रामला एम्युलेटर म्हणतात. जुन्या डिस्कवरच्या प्रोग्रामला वाटतं, आपण आपल्या जुन्या घरीच आहोत, आणि तो मुकाट्यानं चालू लागतो. इतर जाणकारांनीही आपापल्या परीनं खटपट केली. मूळच्या व्हिडिओ टेप जपून ठेवलेल्या होत्या, त्यावरून चित्रं पुन्हा उतरवता आली. २०११ मध्ये मुलांनी लिहिलेली पानं सगळ्यांना इंटरनेटवर वाचायला मिळाली. कालांतरानं तीही जागा बंद झाली आणि आता तिची प्रत ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं सांभाळली आहे. म्हणजे पाहा, एकदा वाचवून भागत नाही. पुन्हा पुन्हा वाचवावं लागतं.

ही गोष्ट सांगून काही मोठी माणसं म्हणतात, "बघा, म्हणून म्हणतो, कागदच खरा!" मला हे अर्धवट वाटतं. विल्यमचा ग्रंथ आपोआप टिकला नाही. तो पेटीत कुलूपबंद ठेवला, कितीदा तरी नव्यानं बांधला, पिढ्यान्‌पिढ्या त्याची राखण झाली. शिवाय तो वाचायला लॅटिन येणारी माणसं उरली होती.

कागद शाबूत आहे पण वाचणारा नाही, याचं उदाहरण शोधायला इंग्लंडला जायची गरज नाही. आपल्या घरातच असेल. गावाकडच्या माळ्यावर पणजोबांच्या वडिलांची पत्रं, जमिनीचे कागद असतात. आपण कौतुकानं उघडतो आणि बघतो तर सगळ्या अक्षरांची एकच लांबलचक साखळी! ती असते मोडी लिपी. मराठी भाषाच, पण हात न उचलता भराभर लिहायची पद्धत. कित्येक शतकं आपले हिशोब, हुकूम आणि पत्रं मोडीत लिहिली गेली. छापखाने आले, छपाईला बाळबोध म्हणजे आपली देवनागरी सोयीची पडली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेतूनही गेली. पुण्याच्या पुरालेखागारात, ज्याला लोक अजून 'पेशवे दफ्तर'च म्हणतात, अशा कागदांचे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे हं. कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. कागद आहेत, शाई आहे, भाषाही आपलीच. पण वाचणारे थोडे. आणि त्यात आहे काय? लढायांच्या बातम्या आहेतच, पण ढीगभर कागद नुसत्या रोजच्या हिशोबाचे. धान्य किती आलं, तेल किती लागलं, घोड्यांच्या दाण्याला किती खर्च झाला. इतिहासकार त्यातूनच तो काळ उभा करतात.

आता आमच्या कॉलनीतली गोष्ट.

आम्ही राहतो डोंबिवलीला. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर, १९९६ मध्ये, त्यांनी घरी एक सेकंडहँड कॉम्प्युटर आणला. सांगितलं असं, की नातवंडं शिकतील. पण बसायचे स्वतःच! रात्री बातम्या संपल्या की चष्मा पुसायचा आणि एका बोटानं टकटक करत मराठीतून दिवसाची रोजनिशी लिहायची. तो कॉम्प्युटर पुढे भंगारात गेला. आजींनी मात्र फ्लॉप्या ठेवल्या. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात नऊ फ्लॉप्या, प्रत्येकीवर निळ्या शाईत 'रोजनिशी', वर्ष आणि महिने. "फेकून द्या आता, याचा काही उपयोग नाही," असं त्यांना घरच्यांनीही सांगून पाहिलं. आजी म्हणायच्या, "ह्यांचं अक्षर आहे ना वर. राहू दे."

फ्लॉपी म्हणजे काय, ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांना कॉम्प्युटरमधल्या 'सेव्ह'च्या चित्रावरूनच ठाऊक असेल. ते चित्र फ्लॉपीचंच आहे. साडेतीन इंची चौकोनी चकती, आत लोहचुंबकी लेप दिलेली पातळ तबकडी आणि जागा १.४४ मेगाबाइट.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्याच जिन्यातली नववीतली एक ताई आणि तिचा सहावीतला भाऊ या कामाला लागले. ताईला प्रोग्रामिंगचा नाद आहे. स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्या काकांकडून त्यांनी यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह चार दिवसांसाठी मागून आणला. ताईनं पहिलं काम कोणतं केलं असेल? प्रत्येक फ्लॉपीच्या कोपऱ्यातलं बारीकसं झाकण सरकवून तिथली खिडकी उघडी केली. ती उघडी असली की फ्लॉपी फक्त वाचता येते, चुकूनसुद्धा तिच्यावर काही लिहिलं किंवा पुसलं जात नाही. शाबास! दुसरं काम, प्रत्येक फ्लॉपी उजेडात धरून बघितली. दोन फ्लॉप्यांच्या तबकडीवर पांढरी बुरशी होती. डोंबिवलीचा पावसाळा, दुसरं काय! त्या दोन तिनं बाजूलाच ठेवल्या. बुरशी ड्राइव्हच्या आत लागली असती तर बाकीच्या सातही बिघडल्या असत्या.

सातांपैकी सातही उघडल्या. भावानं जिन्यातच उडी मारली. पण पडद्यावर काय, तर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ. एक शब्द लागेना.

यात फ्लॉपीचा दोष नव्हता. त्या काळी मराठी लिहिण्यासाठी वेगवेगळ्या कंपन्यांचे वेगवेगळे फॉन्ट असत, आणि प्रत्येकाची भानगड निराळी. कॉम्प्युटरच्या दृष्टीनं तुम्ही इंग्रजी 'डी' टाइप केलेला असे, फक्त फॉन्ट त्या जागी 'क'चं चित्र दाखवी. फॉन्ट गेला की चित्र गेलं, 'डी' उरला. मोडीसारखंच झालं हे! कागद शाबूत, वाचणारा गायब. ही अडचण सोडवायला भारतीय लिपींसाठी 'इस्की' नावाचं प्रमाण ठरलं होतं. १९९१ मध्ये जगातल्या लिपींमधल्या प्रत्येक चिन्हाला एकेक पक्का क्रमांक देणारं युनिकोड आलं आणि त्यात देवनागरी पहिल्या दिवसापासून होती. (मोडीला मात्र २०१४ पर्यंत थांबावं लागलं.) पण घरोघरी, दुकानोदुकानी लोक कितीतरी वर्षं जुन्याच फॉन्टमध्ये लिहीत राहिले.

नशीब असं, की एका फ्लॉपीत आजोबांनी तो फॉन्टही उतरवून ठेवला होता. रेल्वेचा माणूस, सुटं सामान जवळ ठेवायची सवय! फॉन्ट चढवला आणि भेळेचं मराठी झालं. पण ताई तिथे थांबली नाही. उद्या हा फॉन्ट चालेनासा झाला तर? म्हणून तिनं भावाला पाठकोऱ्या कागदांवर तक्ता करायला बसवलं: कोणत्या चिन्हाला कोणतं मराठी चित्र. पूर्ण अक्षर, अर्धं अक्षर, काना, मात्रा, रफार सगळे सुटे. त्यावरून तिनं जुन्या मजकुराचं युनिकोड करणारा छोटा प्रोग्राम लिहिला. तयार प्रोग्रामही मिळतात, पण तिला स्वतःच करायचा होता. पहिल्या झटक्याला 'किती'च्या वेलांट्या भलतीकडेच गेल्या. कारण जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होते, आणि युनिकोडमध्ये आधी 'क', मग वेलांटी. आपण बोलतो त्या क्रमानं. हे उमगायला तिला एक अख्खी दुपार लागली. ती दुपार तिनं आपल्या वहीत लिहून ठेवलीय: काय केलं, काय बिघडलं, कशानं सुटलं.

कॉम्प्युटरचा छंद असणाऱ्यांनी अशी वही जरूर ठेवावी. मोठमोठे लोकही ठेवत. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात 'मार्क टू' नावाचं खोलीभर यंत्र होतं. ९ सप्टेंबर १९४७ रोजी ते अडलं. शोधता शोधता एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. उडणारा पतंग नव्हे, दिव्यावर येतो तो किडा. तिथल्या माणसांनी तो चिकटपट्टीनं रोजच्या नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी लिहिलं, की खराखुरा 'बग' सापडण्याची ही पहिलीच वेळ! बग म्हणजे यंत्रातली खोड, हा शब्द इंजिनिअर लोक आधीपासून वापरत होते, म्हणून तर विनोद झाला. ती वही आणि तो किडा आजही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहेत. त्या दिवशी कुणी 'आज नेहमीसारखंच, विशेष काही नाही' असं लिहिलं असतं तर?

मराठीत लिहिलेल्या रोजनिशीला जागा किती लागते, याचा हिशोब मी ताईकडून करून घेतला. युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'मी' म्हणजे 'म' आणि दीर्घ वेलांटी, दोन चिन्हं, सहा बाइट. रोज ३०० शब्द लिहिले, शब्दाला सरासरी सहा चिन्हं धरली आणि मधल्या मोकळ्या जागा मिळवल्या, तर दिवसाला ५७०० बाइट. वर्षाला सुमारे २० लाख ८० हजार. म्हणजे दोन फ्लॉप्यांत तुमचं सगळं वर्ष मावतं. फोनमधला एखादा सेल्फीसुद्धा याहून जास्त जागा खातो! तेव्हा 'जागा नाही' ही सबब चालायची नाही.

वहीत लिहा किंवा कॉम्प्युटरवर, मला दोन्ही चालेल. तारीख लिहिताना वर्ष पूर्ण लिहा. वस्तूंचे भाव लिहा, माणसं जे बोलली ते त्यांच्याच शब्दांत लिहा. कॉम्प्युटरवर लिहिणार असाल तर साध्या मजकुराची, युनिकोडमधली फाइल करा आणि तिच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घाला, म्हणजे फाइली आपोआप ओळीनं उभ्या राहतात. एक प्रत दुसऱ्या जागी, दुसऱ्याच्या घरी असली तर उत्तम. वर्षातून एकदा छापून काढा. आणि आई-बाबा, एक विनंती तुम्हाला. मुलांची रोजनिशी त्यांना न विचारता उघडू नका. ज्या वहीवर पहारा असतो तिच्यात कुणी खरं लिहीत नाही.

आजोबांच्या सात फ्लॉप्यांची छापील प्रत झाली तीनशेहून जास्त पानांची. ती वाचायला आम्ही चार-पाच जण आजींच्या घरी बसलो होतो. ताई मोठ्यानं वाचत होती. कोथिंबीर दोन रुपयांना जुडी. पाऊस धो धो, गाड्या बंद. वीज गेली, अर्धं पान उडालं, यापुढे दर दहा ओळींनी सेव्ह करणे. गॅसचा नंबर लावला. नातू आला, कॉम्प्युटरवर पत्ते खेळला, आपल्याला हरवून गेला. सगळं रोजचंच. आजी हसत होत्या, मधूनमधून "हो, हो, तेव्हा तसंच होतं" म्हणत होत्या.

मग एक पान आलं, १९९७ च्या ऑगस्टमधलं. 'आज खिचडीत मीठ नव्हतं. बोललो नाही. हिचे गुडघे सकाळपासून दुखताहेत.'

ताई थांबली. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला कधी कळू दिलं नाही हो ह्यांनी." आणि पदरानं डोळे टिपत ताईला म्हणाल्या, "वाच गं पुढे, थांबू नकोस."

बुरशी लागलेल्या दोन फ्लॉप्या अजून राहिल्यात. त्या १९९९ सालच्या आहेत, आजींच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षीच्या. दुरुस्तीवाले काका म्हणतात, साफ करून देणारी माणसं असतात, पण खात्री देत नाहीत. ताईनं त्या कोरड्या डब्यात बंद करून ठेवल्या आहेत आणि घाई करायची नाही असं ठरवलं आहे. दरम्यान दर रविवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन आजींकडे जाऊन बसते. आजी सांगतात, ती टाइप करते. मागच्या रविवारी मी सहज डोकावलो, तर आजी म्हणत होत्या, "हेही लिहून घे, बाळा. जेवणाच्या तिसऱ्या पंगतीला भात कमी पडला, आणि हे स्वतः पिशवी घेऊन वाण्याकडे पळाले. नवरीमुलीच्या बापाचं धोतर, आणि पायात चपला दोन वेगवेगळ्या!"